थोरलीच्या टाकाचं चित्र

माझ्या लग्नात मंगळसूत्राच्या आधी माझ्या गळ्यात एक बाई बांधली गेली. नखाएवढी, सोन्याची, ठशातून ठोकून काढलेली. आमच्याकडं खानदेशात बिजवराशी लग्न करणाऱ्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात. पहिली गेली तरी तिचा मान जात नाही. तिनं रुसू नये, दुसरीच्या संसारात पाय घालू नये म्हणून हा बंदोबस्त. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. गोडाधोडाचा पहिला घास टाकाला दाखवायचा. आणि तिला म्हणायचं थोरली. वयानं ती माझ्याहून चार वर्षांनी लहान होती, तरी थोरली तीच.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. रंगानं सावळी आणि तोंडानं तिखट, त्यामुळं बघायला आलेली माणसं पोहे खाऊन जायची आणि परत यायची नाहीत. शेवटी सुरतेचं स्थळ आलं. साड्या छापणाऱ्या मिलमध्ये डिझाइन काढणारा विधुर, डिंडोलीत दोन खोल्या, पदरी एक मुलगी. वडील म्हणाले, कलाकार माणूस आहे, मारझोड करणार नाही. त्यांनी खरंच कधी केली नाही. नवऱ्याबद्दल पुढं मी एकेरीच लिहिणार आहे. समोर कधी ‘अहो’च्या पुढं गेले नाही, निदान कागदावर तरी ते ओझं नको.

पोरगी साडेतीन वर्षांची होती. थोरली काविळीनं गेली तेव्हा ती दीड वर्षाची, म्हणजे तिला काहीच आठवत नव्हतं. मी घरात आले त्याच दिवशी तिनं माझा पदर धरला आणि ‘आई’ म्हणाली. कुणी शिकवून ठेवलं होतं का, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. मला पुढं मूल झालं नाही. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाई माझ्या गळ्यातल्या टाकाकडं बघून सुस्कारा सोडायच्या आणि त्या सुस्काऱ्यात काय भरलंय ते मला नीट कळायचं. तेव्हा सांगून टाकते, त्या घरात माझं म्हणून जे होतं ते या पोरीच्या हाकेत होतं. ती हाक गेली असती तर मी तिथं नुसती स्वयंपाकीण उरले असते.

सासूबाईंचा नियम कडक होता. मी आले त्याच आठवड्यात त्यांनी बजावलं, “घरमा तिना फोटो नको. पोरले काही सांगानं नही. टाक शे ना तुना गयामा, तेच बस.” फोटो ठेवायचा म्हटलं तरी नव्हताच. लग्नातला एकच होता. खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तो काचेला चिकटला आणि सोडवताना चेहऱ्याच्या जागचा कागद काचेवरच राहिला. त्यातही म्हणे मुंडावळ्यांनी निम्मं तोंड झाकलेलं होतं. थोरलीला माहेर असं नव्हतं. मामाकडं वाढलेली पोर, मामानं कसला फोटो काढून ठेवलाय! म्हणजे ज्या बाईला मी साडी दाखवायचे, पुरणपोळी दाखवायचे, ती दिसायची कशी हे मला ठाऊक नव्हतं. टाकावरच्या बाईला डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि नाकाच्या जागी एक रेघ होती. कुठल्याही मेलेल्या बाईचा टाक असाच असतो.

पोरगी तो टाक बोटांत धरून विचारायची, “आई, आ कोण छे?” शेजारच्या पोरांत खेळून तिच्या तोंडात निम्मं गुजराती बसलं होतं. मी म्हणायचे, “देवी आहे.” मग ती शाळेत जाताना माझ्या गळ्यापाशी हात जोडायची. रोज सकाळी मी थोडी वाकायचे, ती आपल्या आईच्या पाया पडायची आणि आम्हा दोघींपैकी हे एकीलाच ठाऊक असायचं.

नवरा मिलमधलं काम घरी आणायचा. एकच डिझाइन पाच-सहा रंगांत करून दाखवावं लागतं, त्याला सुरतेत मॅचिंग म्हणतात. पहिलं तो स्वतः रंगवायचा आणि बाकीची माझ्याकडं द्यायचा. रेघा त्याच्या, आतले रंग माझे. दुपारी भांडी झाली की मी फरशीवर पाट घेऊन बसायचे. दोन पाणी, तीन ब्रश आणि पोस्टर कलरच्या बाटल्या. गोडादऱ्याकडून लूमची खडखड यायची, ती इतकी सवयीची झाली होती की रविवारी थांबली की कान बधिर झाल्यासारखं वाटायचं. मला ते काम आवडायचं. सुरुवातीला रंग रेघेबाहेर गेला की तो काही बोलायचा नाही, नुसता ब्रश घेऊन नीट करायचा. बोलला असता तर मीही चार शब्द ऐकवले असते, पण त्यानं तशी संधीच दिली नाही.

त्या वर्षांत साड्यांवर दागिन्यांची नक्षी फार चालायची. पदरावर हार, काठावर झुमके. सोनं रंगवायला सोनेरी रंग लागत नाही, हे मी त्याच्याकडून शिकले. बाजारात सोनेरी बाटली मिळते, ती नवशिक्यांनी घ्यावी. सोनं करायचं तर मातकट पिवळा घ्यायचा, त्यात तपकिरी, कडेला जवळजवळ काळपट हिरवा, उजेड पडतो तिथं लिंबाचा पिवळा, आणि अगदी टोकाला पांढऱ्याचा एक ठिपका. “निम्मं सोनं घाणेरड्या रंगांचं असतं,” तो म्हणायचा. मी करून पाहिलं, आणि खरंच, चिखलासारखे दिसणारे चार रंग शेजारी शेजारी बसले की कागदावर सोनं चकाकायचं.

एकदा मी सहज म्हटलं, “माझं एखादं चित्र काढा की.”

“माणसं येत नाहीत मला,” तो म्हणाला. “फुलं, कोयऱ्या, दागिने म्हण. माणसं नाही जमत.”

मी विश्वास ठेवला. जमत नसेल, म्हणून सोडून दिलं.

लग्नाला चार वर्षं होत आली होती. पावसाळा संपत आलेला. माळ्यावर ओल आली म्हणून मी तिथली गुंडाळी खाली काढली. नापास झालेल्या डिझाइनचे कागद, साडीच्या किनारीच्या चिंधीनं बांधलेले. एकेक उलगडून वाळत घालत होते. मधोमध एक जाड कागद निघाला. त्याला वरून पातळ कागद चिकटवून झाकण केलं होतं. असं झाकण तो मालकाला दाखवायच्या खास कामालाच करायचा. मी ते उचललं.

खाली एक दागिना होता. वीतभर उंच काढलेला, पण शेजारी नखाएवढी चौकट आखून खरं माप दिलं होतं. लांबट गोल टाक. कडेला बारीक मण्यांची ओळ, तिच्या आत पिळाची तार, वर अडकवायला कडी, कडीच्या दोन्ही बाजूंना एकेक लाल खडा, खाली लोंबणारे तीन मोती. आणि आत एक बाई होती.

आधी मी बाईकडं पाहिलंच नाही. चार वर्षं रंग भरून माझी नजरच तशी झाली होती, मी आधी काम बघितलं. काय काम होतं ते! कडेचा एकेक मणी वेगळा रंगवलेला. प्रत्येकाला तीन रंग, आणि डावीकडून उजेड धरलेला, त्यामुळं डावीकडचे मणी उजळ, उजवीकडं जाता जाता हळूहळू विझत गेलेले. तारेचा पीळ इतका स्वच्छ की बोटाला खरखर लागेल असं वाटावं. लाल खड्यांत आत एक गडद लाल, बाहेर एक उजळ लाल, आणि पांढऱ्याचा ठिपका मधोमध न देता किंचित वर. मोती करताना तर त्यानं पांढरा रंग वापरलाच नव्हता. कागदाचं पांढरं तसंच सोडून भोवती निळसर राखाडी फिरवली होती. असं काम त्यानं मिलसाठी कधीच केलं नव्हतं. मिलमध्ये एवढा वेळ कुणी देत नाही. त्या मण्यांवरच आठ-दहा दिवस गेले असतील.

मग मी बाईकडं पाहिलं. सोन्यात उठवलेला चेहरा असतो तसा तो काढला होता. म्हणजे कातडीचा रंग नव्हता, सगळं सोनंच. मातकट पिवळा, तपकिरी, काळपट हिरवा. तरी ती बाई जिवंत होती. लहान कपाळ. नाक टोकाला जरा बसकं. डावी भुवई उजवीपेक्षा थोडी वर, त्यामुळं नुकतंच काहीतरी विचारल्यासारखी. गाल भरलेले, हनुवटी आखूड. मी ती भुवई रोज पाहत होते. माझ्या पोरीची होती ती.

कडेला पेन्सिलीनं सोनारासाठी बारीक सूचना लिहिल्या होत्या. नाकाचा उठाव कमी. डोळे मिटलेले नकोत. खाली त्याची सही.

आणि एक चूक होती. एरवी रंगाच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा माणूस, त्यानं त्या सोन्याच्या बाईच्या ओठांना गुलाबी रंगाचा हात दिला होता. अगदी पुसट, एक पाणी फिरवलेलं. सोन्याचे ओठ गुलाबी नसतात. हे मी केलं असतं तर त्यानं ब्रश माझ्या हातातून काढून घेतला असता. दागिना काढता काढता त्याला बाई आठवली होती, आणि त्यानं तो गुलाबी पुसला नव्हता. मण्यांचं, खड्यांचं, मोत्यांचं कौतुक करत होते मी. त्या ओठांपाशी ते थांबलं. याला माणसं येत होती. मी येत नव्हते.

मी तो कागद परत गुंडाळीत घातला आणि कुणाला काही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काढला. तिसऱ्या दिवशीही काढला. जवळजवळ महिनाभर नवरा मिलमध्ये, पोरगी शाळेत आणि सासूबाई देवळात गेल्या की मी माळ्यावरून ती गुंडाळी उतरवायचे. सुरुवातीला रागानं. तिला दोन शब्द सुनवायचे, “कशी बसलीय बघा, राणीसारखी,” असं मोठ्यानं. मग राग बाजूला राहून मी नुसती बघतच बसायचे, कारण काम खरोखर सुंदर होतं, आणि सुंदर काम बघायला मला दुसरं कुठं मिळत होतं? एक गंमतही झाली, तिला गंमत म्हणायचं का माहीत नाही. साडी दाखवताना, घास दाखवताना आता मला टाकातल्या ठिपक्यांच्या जागी तो चेहरा दिसायला लागला. पहिल्यांदाच मी कुणालातरी काहीतरी दाखवत होते.

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस, जेवताना, नवरा म्हणाला, “दिवाळीनंतर गावी लग्न आहे. तिथं कुणीतरी पोरीसमोर बोलणारच. त्यापेक्षा आपणच सांगू तिला.”

पोरगी बाहेर खेळत होती. मी पोळी वाढता वाढता थांबले. “काय सांगायचं?”

“तिच्या आईचं. एक चित्र आहे माझ्याकडं, ते दाखवू. पोरीला चेहरा तरी ठाऊक हवा.”

“कसलं चित्र?” मी विचारलं. मला इतकं छान खोटं बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यानं सांगितलं. ती गेल्यावर तेराव्यानंतर तो काढायला बसला होता. लग्नाचा विचारही नव्हता तेव्हा, पण सासूबाई टाकाची भाषा बोलायला लागल्या होत्या. त्याला वाटलं, घडवायचाच तर तिच्यासारखा घडवू. चित्र घेऊन तो सोनाराकडं गेला. सोनारानं चित्र हातात धरून बराच वेळ पाहिलं, वाहवा केली आणि परत दिलं. म्हणाला, “भाई, आटलामां चहेरो नी आवे.” एवढ्याशा सोन्यात चेहरा उतरत नाही. आणि ड्रॉवर उघडून नेहमीचा ठसा काढला.

“माणसं येत नाहीत मला,” नवरा म्हणाला. “ती एकच आली.”

हे त्यानं मला दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यामुळंच जास्त लागलं.

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. चित्र दाखवल्यावर काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. पोरगी साडेसात वर्षांची, तिला काय कळणार, असं लोक म्हणतात. पण तिला आरसा कळत होता. ती चित्र बघेल, आरशात बघेल, आणि मग माझ्याकडं बघेल. माझ्याकडं तिच्यासारखं काहीच नव्हतं. ना भुवई, ना नाक, ना हनुवटी. मला मावशी म्हणायला ती शिकली असती, कुणीतरी शिकवलं असतंच. आणि समजा आईच म्हणत राहिली असती तरी त्या हाकेत मेहरबानी आली असती. मला मेहरबानी नको होती.

मंगळवारी दुपारी मी चित्र मोरीत नेलं. पोस्टर कलर पाण्यानं सुटतो, हेही मला त्यानंच शिकवलं होतं. नळाखाली धरलं. आधी सोनं सुटलं आणि घाण तपकिरी पाणी वाहायला लागलं, त्यात लालाची एक रेघ आली. मोती शेवटपर्यंत राहिले, कारण ते कागदच होते. चेहऱ्यावर मी अंगठा फिरवला. खाली पेन्सिलीच्या रेघा दिसायला लागल्या आणि त्यातही ती दिसत होती, नुसत्या रेघांत. तेव्हा मी घाबरले. कागद फाडला, चुरगळला, बादलीत भिजवून त्याचा लगदा केला आणि उकिरड्यावर टाकून आले. हात धुऊन भात टाकला. गळ्यातला टाक ओला झाला होता, तो पदरानं पुसला. पुसताना मी तिची माफी मागितली नाही. त्या दिवशी मला ते सुचलंसुद्धा नाही.

वसुबारसेला नवऱ्यानं गुंडाळी काढली. एकेक कागद उलगडला, उलटा करून पाहिला, दुसऱ्या गुंडाळ्या काढल्या. माळा रिकामा केला. मी लाडू वळत होते. “पावसाळ्यात ओल आली म्हणून मी काही कागद खाली ठेवले होते,” मी म्हटलं. “खाडीचं पाणी आलं तेव्हा गेला असेल.” त्या वर्षी पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आत फार आलं नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं पाहिलं, आणि मान हलवली. “मिळाल्यावर सांगू तिला,” एवढंच म्हणाला. गावच्या लग्नाला तो आणि सासूबाई गेले. पोरीला ताप आहे म्हणून मी तिला घेऊन मागं राहिले. ताप नव्हता.

अशी मी साडेचार वर्षं मिळवली. ती वर्षं चांगली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. पोरगी माझ्याजवळ झोपायची, शाळेतलं सगळं मला सांगायची, वेणी माझ्याकडूनच घालून घ्यायची. मिलमध्ये कॉम्प्युटर आला, हातानं रंगवायचं काम कमी झालं, मॅचिंग पडद्यावरच व्हायला लागली. नवरा बाहेरची किरकोळ कामं करायचा. आमचं चाललं होतं. मला वाटलं, हे असंच चालेल.

पोरगी बारा वर्षांची असताना सासूबाईंबरोबर गावी एका लग्नाला गेली. मी खरोखर तापानं पडले होते म्हणून जाऊ शकले नाही. तिथं कुणा म्हातारीनं तिची हनुवटी धरून म्हटलं, “पोर आपली मायवर गयी शे.” पोरगी म्हणाली, “नाही, मी आईसारखी दिसत नाही.” मग म्हातारीनं सगळंच सांगितलं.

ती परत आली, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर बसली. मी ओरडण्याची, रडण्याची वाट बघत होते.

“आई,” ती म्हणाली, “ती कशी दिसायची?”

आई म्हणूनच विचारलं. हाक तीच होती, त्यात काहीही कमी झालं नव्हतं. मी ज्याला साडेचार वर्षं घाबरले होते ते झालंच नाही. “मला काय माहीत,” मी म्हटलं. “मी कुठं पाहिलंय तिला?”

मग तिनं बापाला विचारलं. त्यानं पुन्हा माळा उपसला. दोन संध्याकाळी तो कागद उलगडत होता, पोरगी शेजारी बसून एकेक सरळ करत होती, आणि मी दोघांना चहा देत होते. शेवटी तो म्हणाला, “थांब. मी परत काढतो.”

रविवार होता. त्यानं जाड कागद ताणून पाटावर लावला. बऱ्याच महिन्यांनी बाटल्या उघडल्या, दोन सुकल्या होत्या. पोरगी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली. टाक भराभर आला. मण्यांची ओळ, पीळ, खडे, मोती, कुठंही अडला नाही. कॉम्प्युटर आला तरी हात गेला नव्हता. मग त्यानं पेन्सिल घेतली आणि आत चेहरा धरला. पुसला. पुन्हा धरला. दुपार झाली, जेवायला उठला नाही. मग रंग घेतला आणि भराभर करायला लागला, काहीतरी सापडल्यासारखा. मी ओट्यापाशी उभी होते, तिथून मला कागद दिसत नव्हता, पोरीचा चेहरा दिसत होता.

“पप्पा,” ती म्हणाली. “ही तर आई आहे.”

“हो, तीच…”

“तशी नाही. ही आई.” आणि तिनं माझ्याकडं बोट केलं.

मी पुढं आले. मोठं कपाळ, सरळ नाक, भांडायला निघाल्यासारखी हनुवटी. मीच होते. न ठरवता, न बघता, बारीकसारीक सगळं बरोबर. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि एवढी वर्षं मला हेच हवं होतं. याच्या हातून मी यावी. आता आले होते आणि तिच्या जागेवर आले होते.

नवऱ्यानं कागद दारापाशी उजेडात नेला. बघत राहिला. “येत नाही गं मला,” तो पोरीला म्हणाला. “गेला तिचा चेहरा.” आणि तो रडायला लागला. त्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं. पोरगी घाबरून माझ्याकडं वळली, मी काहीतरी करीन म्हणून.

“कपाळ लहान होतं तिचं,” मी म्हटलं. “नाक टोकाला बसकं. डावी भुवई जरा वर.”

दोघं माझ्याकडं बघायला लागले.

“तू कधी पाहिलंस?” नवऱ्यानं विचारलं.

“महिनाभर. रोज दुपारी. मग धुऊन टाकलं.”

त्यानं मला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. ब्रश पाण्यात ठेवले आणि बाहेर निघून गेला. संध्याकाळी परत आला, जेवला. त्यानंतर त्यानं मला कधी रंग भरायला कागद दिला नाही. पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी तांदूळ निवडत होते, ती येऊन समोर बसली. “तिचे कान कसे होते?” तिनं विचारलं. मी सांगितले. तिनं ऐकलं आणि उठून गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. “केस मागं घेतले होते की भांग होता?” तिचा बाप तिला हे सांगू शकत नव्हता. जगात एवढं ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते, आणि मला रेघ काढता येत नव्हती. मी सांगत गेले.

अजूनही ती माहेरी आली की विचारते. पहिली काही वर्षं मी अगदी चित्रातलंच सांगितलं, एक रेघ इकडची तिकडं केली नाही. नंतर एकेक गोष्ट जायला लागली. आधी कान गेले, मग केस, मग डोळे. आता माझ्याकडं काहीच उरलेलं नाही. पण ती समोर बसून विचारते तेव्हा मला नाही म्हणवत नाही. मग मी तिच्याच चेहऱ्याकडं बघते आणि जे दिसतं ते तिला सांगते.